पोटरीतलं गवत

गंजीसाहेबांनी आयुष्यात कधी गवत पेरलं नव्हतं, कापलं नव्हतं आणि वाळवलंही नव्हतं. तरी दूध संघाच्या सबंध कुरणाचे प्रमुख तेच होते. त्याआधी वीस वर्षं ते संघाच्या फाटकाशी वजनकाट्यावर बसत. गाडी काट्यावर चढायची, साहेब खिडकीतून आकडा ओरडायचे, गाडी उतरायची. जुने कुरणप्रमुख निवृत्त झाले तेव्हा अध्यक्ष म्हणाले की ज्याला गवताचं वजन कळतं त्याला गवतही कळणारच. समितीत कुणी हसलं नाही. साहेबांना तर ते मनापासून पटलं.

कुरणावर आल्या आल्या त्यांनी एक नियम केला. गवतात जाऊन उभं राहायचं, शेंडे कमरेच्या पट्ट्याला लागले की कापणी सुरू. नियम सोपा होता, त्याला ना कागद लागत होता ना डोकं. अडचण एवढीच झाली की बढती मिळाल्यावर साहेबांचं पोट सुटायला लागलं. पोट सुटलं तसा पट्टा वर सरकला आणि पट्ट्याबरोबर कापणीची तारीखही पुढे सरकली. पहिल्या वर्षी तुरे नुकते बाहेर डोकावत असताना विळे लागले होते. नवव्या वर्षी कापणाऱ्यांच्या केसांत बी गळत होतं आणि ताटं इतकी कडक झाली होती की विळ्यांना दिवसातून तीनदा धार लावावी लागे.

पण गंजी! वाळलेल्या गवताची ती गंजी दरवर्षी आदल्या वर्षीपेक्षा उंच व्हायची. अध्यक्ष फोटोवाला घेऊन यायचे, साहेब शिडीच्या तिसऱ्या पायरीवर चढायचे आणि छाती फुगवून उभे राहायचे. ते नऊ फोटो संघाच्या कचेरीत ओळीने लावलेले होते. गंजीसाहेब हे नाव तिथूनच पडलं. ठेवणाऱ्यांनी ते चेष्टेनं ठेवलं होतं, साहेबांनी ते पदवीसारखं घेतलं.

ती गंजी ज्यांना खायची होती त्यांना मात्र कुणी विचारलं नव्हतं. संघाच्या गोठ्यात छत्तीस गाई होत्या आणि गोठा साहेबांची थोरली बहीण सांभाळायची. ताई साहेबांच्या आधी दहा वर्षं संघात लागली होती. काट्यावरची नोकरीही तिनेच शब्द टाकून मिळवून दिली होती. ही गोष्ट साहेब विसरले नव्हते, फक्त बोलत नव्हते.

दरवर्षी गवत वाढीला लागलं की ताई कुरणाच्या कडेने एक फेरी मारायची आणि भावाला सांगायची, गवत पोटरीत आलंय, कापायला घे. दरवर्षी साहेब मान डोलवायचे आणि कापायचे नाहीत. कचेरीत येऊन कारकुनांना सांगायचे की आमच्या ताईला पोटरीएवढंच गवत पुरतं, तिला कुरणाचा गालिचा करायचाय. कारकूनही हसायचे. त्यांना साहेबांकडून रजा मंजूर करून घ्यायची असायची.

खरं तर साहेबांना ताईचं बोलणं कधी कळलंच नव्हतं. पोटरी म्हणजे गुडघ्याखालचा पायाचा भाग, एवढंच त्यांना ठाऊक होतं. ताई ज्या दिवशी सांगायची त्या दिवशी गवत गुडघ्याच्या वर गेलेलं असायचं, म्हणजे ताईचा अंदाजही चुकतो असा त्यांनी निष्कर्ष काढला होता. म्हणजे काय ग, असं एकदा विचारलं असतं तर काम भागलं असतं. पण प्रमुखाने गोठ्यातल्या बाईला विचारायचं, तीही सख्खी बहीण, तर मग खुर्ची कशाला?

नवव्या वर्षीच्या गंजीने कहर केला. फोटोत अध्यक्ष मुंगीएवढे दिसत होते. गाई मात्र गव्हाणीत तोंड घालायच्या, पानं पानं वेचून खायच्या आणि ताटं नाकाने बाजूला ढकलायच्या. भुकेने थोडी ताटं पोटात जायची तर ती तासन्‌तास रवंथ करूनही जिरत नसत. पोटं टम्म, पाठीची हाडं वर आणि दूध निम्म्यावर. वाळक्या दिवसांचे चार महिने असे गेल्यावर समितीने ठरवून टाकलं की अजून एक वर्ष बघू. पुढच्या वाळक्या दिवसांतही दूध असंच आटलं तर गाई विकायच्या आणि गोठ्याची वखार करायची.

ताईने हे ऐकलं तेव्हा ती एका म्हाताऱ्या गाईला खरारा करत होती. तिचा हात थांबला. तिच्या चाळीस वर्षांच्या कष्टांची वखार होणार होती आणि त्याला कारण तिचाच भाऊ होता.

साहेबांनी अर्थात खापर गोठ्यावर फोडलं. गोठ्यातल्या बाया चारा वाया घालवतात, हे सिद्ध करायचं त्यांनी मनावर घेतलं आणि त्यासाठी त्यांना येत होतं ते एकमेव काम काढलं. त्यांनी वजन केलं. सकाळी शंभर किलो चारा मोजून गव्हाणीत टाकायला लावला आणि संध्याकाळी उरलेली ताटं स्वतः गोळा करून काट्यावर ठेवली. एकेचाळीस किलो. त्यांनी काटा पुसला, शून्यावर आणला, पुन्हा ठेवलं. एकेचाळीस. दुसऱ्या दिवशी बायांना गोठ्याबाहेर बसवून सगळा चारा स्वतःच्या हाताने घातला. त्रेचाळीस.

साहेबांच्या अंगी पुष्कळ दोष होते, पण वीस वर्षांत त्यांनी आकडा कधी खोटा सांगितला नव्हता.  मग इकडे तिकडे बघत त्यांनी एक ताट उचललं आणि चावून पाहिलं. दाताखाली लाकूड आलं. त्या दिवसापासून कचेरीतल्या फोटोंकडे बघायला त्यांना नको वाटायला लागलं, आणि जेवणाच्या सुट्टीत ते खुर्ची फिरवून बसू लागले.

पुढच्या हंगामात ताई ठरल्याप्रमाणे फेरी मारून आली. यंदा तिचा आवाज बसलेला होता.

"पोटरीत आलंय," ती म्हणाली. "यंदा तरी काप. पाया पडते तुझ्या."

थोरल्या बहिणीने पाया पडते म्हणावं हे साहेबांना सोसवलं नाही. काहीतरी करून दाखवायला हवं म्हणून ते तिच्याबरोबर कुरणात गेले, गवतात उभे राहिले, वाकले आणि विजारीचा पाय गुडघ्यापर्यंत वर केला. पायाशेजारी गवत धरून ते म्हणाले, "पण ताई, हे बघ ना. पोटरी तर कधीच ओलांडली याने."

ताई त्यांच्या उघड्या पायाकडे बघत राहिली. नऊ वर्षं हा माणूस काय समजत होता ते तिला आत्ता कळलं. आधी तिला हसू आलं, इतकं की ती गवतातच खाली बसली. मग हसता हसता तिचा चेहरा बदलला.

"नऊ वर्षं," ती म्हणाली. "नऊ वर्षं माझ्या गाई उपाशी ठेवल्यास, आणि विचारलं नाहीस."

साहेबांनी विजारीचा पाय खाली सोडला. 

ताईने एक ताट मुळाशी मोडून घेतलं. वरच्या पानाखाली ते जरा फुगलेलं होतं. तिने नखाने ती फूग उभी चिरली. आत ओला, मऊ, पांढरट तुरा होता, अजून बाहेर न आलेला.

"ही पोटरी. तुरा पोटात असतो तोवर गवतात जीव असतो. तो बाहेर पडला की सगळी ताकद बियात जाते आणि ताटाचं लाकूड होतं. आता ढीग कमी मिळेल, पण गाय तो शेवटपर्यंत खाईल. चार बोटं बुडखा ठेवून कापलंस तर पुन्हा फुटेल, मग त्याचीही एक कापणी मिळेल."

साहेबांनी तो तुरा तळहातावर घेतला. लाज वाटली त्यांना, आणि ती लपवायला तिथे खुर्चीही नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी विळे लागले. कोवळं गवत ओलं जास्त, लवकर वाळेना. साहेब स्वतः काठी घेऊन ते उलटंपालटं करत हिंडले. फार वाळलं तर पानं झडतात आणि ओलं रचलं तर बुरशी धरते, हे त्यांनी पहिल्यांदाच कान देऊन ऐकलं. रचून झाल्यावर गंजी त्यांच्या खांद्याला लागत होती. दोन महिन्यांनी आलेली दुसरी कापणी चढवल्यावर ती कशीबशी डोक्याच्या वर गेली.

अध्यक्ष फोटोवाला घेऊन आले. त्यांनी गंजीकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं आणि शिडी कुठे आहे असं विचारलं. शिडीची गरज नाही, असं साहेबांनी सांगितलं. त्यांनी पोटरी समजावून सांगायचाही प्रयत्न केला, पण अध्यक्षांना एवढंच ऐकू गेलं की चारा कमी आलाय. फोटो न काढताच मंडळी परतली. आठवड्याभरात चाऱ्याचं उत्पादन घटवल्याबद्दल साहेबांना पदावरून दूर केल्याचं पत्र आलं. पत्राखाली नऊ सह्या होत्या आणि त्यांतल्या एकानेही कधी गाईपुढे चारा टाकला नव्हता.

वाळके दिवस आले. दूध पहिल्या महिन्यात टिकलं, दुसऱ्या महिन्यात टिकलं आणि तिसऱ्या महिन्यात चक्क थोडं वाढलं. समितीने गाई विकायचा ठराव गुपचूप मागे घेतला आणि अहवालात लिहिलं की अध्यक्षांनी कुरणाच्या कारभारात वेळीच केलेल्या बदलामुळे दूध वाढलं. बदल म्हणजे साहेबांची हकालपट्टी.

काट्यावर आता दुसरा माणूस होता. साहेबांच्या निवृत्तीला तीन वर्षं बाकी होती, आणि घरी बसून बायकोची बोलणी खाण्यापेक्षा बरं म्हणून साहेब एका सकाळी गोठ्यात गेले आणि बहिणीला म्हणाले, "ताई, काही काम असेल तर सांग."

ताईने त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग कोपऱ्यातला खराटा त्यांच्या हातात दिला. गव्हाणी झाडायच्या, रात्रीची उरलेली ताटं काढायची, हे गोठ्यातलं सगळ्यात खालचं काम. साहेबांनी बाह्या वर केल्या आणि पहिल्या गव्हाणीत डोकावले, तर ती चाटूनपुसून रिकामी होती. मग दुसरी पाहिली, तिसरी पाहिली. छत्तिसाव्या गव्हाणीपर्यंत ते चालत गेले आणि खराटा एकदाही न टेकवता परत आले.

ताई दूध काढत होती. तिने मान वर केली नाही.

"उद्यापासून जरा उशिरा आलास तरी चालेल," ती म्हणाली.