लवंगी माळ आणि माझं लायसन्स

चंद्रपूरहून येऊन बाबांना एक रात्र झाली होती. सकाळी त्यांनी चिवड्याचा डबा उघडला आणि आतून लवंगी फटाक्यांची माळ काढून टेबलावर ठेवली. नातीने दिवाळीचा आवाज कधी ऐकलाच नाही म्हणून.

मी ऑकलंडजवळच्या एका दगडखाणीत सुरुंग लावते. त्यासाठी सरकारी लायसन्स लागतं, आणि ते फक्त कामाच्या स्फोटकांपुरतं. अशी माळ तर न्यूझीलंडमध्ये आणायलाच बंदी. माणूस भरवशाचा नाही असं ठरलं की लायसन्स जातं. त्यामागोमाग नोकरी, नोकरीवरचा व्हिसा आणि माउंट रॉस्किलचं हे भाड्याचं घर.

ज्या माणसाने जन्मात विनातिकीट एसटीचा प्रवास केला नाही, त्याने हे विमानातून आणलं होतं. वर कोणी विचारलंच नाही म्हणून बाबा खुशीत होते. मला त्यांचा इतका राग आला की मी त्यांच्याकडे पाहीना. माळ बागेत पुरावी, बादलीत बुडवावी, सगळं मनात येऊन गेलं. पण खाणीतल्या नव्या लोकांना मीच शिकवते: बेवारस स्फोटक दिसलं की हात लावायचा नाही, पोलिसांना कळवायचं. रडत रडतच फोन केला.

पोलीस 'किआ ओरा' असा इथला माओरी नमस्कार करत आला, बूट दाराशी काढले. माळ कोणी आणली आणि का, एवढंच त्याने विचारलं. बाबांना इंग्रजी येत नाही, त्यामुळे मध्ये मीच.

"सांग त्याला," बाबा म्हणाले, "माझी मुलगी लायसन्सवाली आहे. तिला सुरुंग चालतात, मग घरात एवढीशी लवंगी का नाही चालणार? त्या भरवशावरच तर आणली."

मराठी कळणारं तिथे तिसरं कोणी नव्हतं. हे वाक्य गाळलं असतं तर कुणाला पत्ता लागला नसता. पण खोटं बोलून वाचवलेलं लायसन्स घेऊन उद्या सुरुंगाजवळ कोणत्या तोंडाने उभी राहणार होते? मी शब्दन् शब्द इंग्रजीत सांगितला.

पोलिसाने माळेवरची नजर काढून माझ्याकडे पाहिलं.

"तुमच्याकडे स्फोटकांचं लायसन्स आहे?"

त्यातला 'लायसन्स' तेवढा बाबांना कळला. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि अभिमानाने मान डोलावली.