पिढीजात कौशल्य

मॅडमनी माझं मनगट धरलं आणि हात वर उचलून सभागृहाला दाखवला. बाजारात वस्तू दाखवतात तसा.

"देखिए ये उँगलियाँ," त्या माइकवर म्हणाल्या. "इनके दादा चमड़े के कलाकार थे. हुनर इनके खून में है. और हमारी पढ़ाई ने इन्हें क्या बनाया? बाबू."

लोक हसले. मायेनं हसले. ते जास्त लागलं.

लखनौच्या गोमतीनगरमधला एसी हॉल. समोर अधिकारी, खासगी शाळांचे मालक, निवृत्त कुलगुरू. मी मॅडमच्या संस्थेत संशोधन सहायक. संस्कृती, कुटुंब, शिक्षण यांवर सरकारला धोरणं सुचवणारी संस्था. त्या दिवशीचा प्रस्ताव असा होता : सरकारी शाळेत आठवीपासून मुलांना घरचा पिढीजात धंदा शिकवायचा. कुंभाराच्या पोराला चाक. चांभाराच्या पोरीला आरी-रापी. गणित, विज्ञान गरजेपुरतं.

आजोबांचं मॅडमना कळलं ते माझ्याकडूनच. एकदा जेवताना त्यांनी आपुलकीनं विचारलं, मी विश्वासानं सांगितलं. आजोबा परभणीकडच्या गावात चपला शिवायचे. मेलेलं जनावर ओढायलाही त्यांनाच बोलावणं यायचं. अख्ख्या गावाला जोडे घालणारा माणूस, पाटलाच्या दारावरून जाताना स्वतःचे जोडे हातात घ्यायचा. माझ्या बाबांना त्यांनी कधी आरीला हात लावू दिला नाही. लावला तर मार. म्हणून बाबा शिकले, बँकेत लागले, बदलीवर लखनौला आले. हे सगळं मी सांगितलं होतं. मॅडमनी त्यातलं चामडं तेवढं ठेवलं.

प्रस्तावासाठी लखनौच्या कडेला, चिनहटच्या वस्तीत मीच फिरले होते. सफाई कामगारांच्या घरातली सुनीता तिथल्या कारखान्यात पॅकिंगला जाते. ती म्हणाली होती, "दीदी, मेरी लड़की को लैब वाली पढ़ाई चाहिए. झाड़ू पकड़ना स्कूल में नहीं सीखना है."

प्रस्तावात ते आलंच नाही. मी विचारलं, तर मॅडम म्हणाल्या, गरीब आईबापांना आपलं हित कळत नसतं, ते आपण कळवायचं असतं. बाकीचं सभेनंतर बोलू.

आणि सभेत त्यांनी माइक माझ्या हातात दिला.

"दो शब्द बोलो बेटा. गर्व से."

मनगट अजून त्यांच्या मुठीत होतं. आधी ते सोडवून घेतलं. मग बोलले.

"मैडम, आपका खानदानी काम तो पूजा-पाठ है. आपका बेटा विदेश में डॉक्टरी पढ़ रहा है. उसे कब वापस बुला रही हैं?"

कुणी हसलं नाही. मॅडमनी माइक काढून घेतला. बच्ची भावुक हो गई, म्हणाल्या, आणि सभा पुढे चालू झाली.

चहाच्या वेळी त्या जवळ आल्या. आवाज अगदी मऊ.

"हमने तो तुम्हें इज़्ज़त दी थी."

"आपने मेरी प्रदर्शनी लगाई थी," मी म्हटलं. गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं आणि बाहेर पडले.

जानकीपुरमच्या घरी बाबांना सांगितलं. कॉलनीत आम्ही नुसते 'महाराष्ट्रवाले'. पुढचं, म्हणजे जात, कुणी विचारू नये म्हणून दारावरच्या पाटीवर बाबांनी आडनावही लावलेलं नाही.

"आता सगळ्यांना कळणार," ते म्हणाले.

"कळू दे, बाबा."

ते उठून आत गेले. जेवले नाहीत. त्यांची भीती मला कळते. ती मी पुढे चालवणार नाही.

पुढच्या महिन्यात या प्रस्तावावर सरकारी समिती लोकांचं म्हणणं ऐकणार आहे. मी चिनहटला जाऊन आले. सुनीता येणार आहे. तिच्या गल्लीतल्या बायका येणार आहेत, दिवसाची मजुरी बुडवून. ज्यांच्या पोरी सरकारी शाळांत शिकत नाहीत, त्यांनी आमच्या पोरींचं शिक्षण ठरवायचं नाही, एवढंच तिथं सांगायचं आहे. समितीनं ऐकलं नाही, तर पोरींच्या शाळेच्या फाटकाशी धरणं धरून बसू. उठवलं, तर पुन्हा बसू.