मागच्या खोल्यांची फिटिंग

हे मी आजवर कुणालाच सांगितलं न्हाई. नवऱ्याला न्हाई, सख्ख्या बहिणीला न्हाई. तुमाला सांगायलेय, कारण तुमी मला ओळखत न्हाई — ओळखत असता तर तोंड उघडलं असतं का मी?

पाथरीत आमचं जुनं घर हाय. पुढं आमी, मागं पत्र्याच्या दोन खोल्या भाड्यानं दिलेल्या. तिथं शोभा राहायची, नवऱ्यासोबत. ब्लाऊज शिवायची — आणि काय शिवायची, बाई! पार सोनपेठहून बाया यायच्या. माझ्या दारात उभं राहून मलाच विचारायच्या, शोभाताईंचं घर हेच का? घर माझं, अन् नाव तिचं. सासूबाई तर चहासुद्धा तिच्याकडंच प्यायच्या. माझ्या चहाला काय झालं होतं? लय हेवा वाटायचा मला तिचा. तिच्या मशीनचा आवाज आला तरी डोकं फिरायचं.

घरातली लाईट फिटिंग माझ्या लग्नाच्याही आधीची. शोभा सांगून गेली होती, वहिनी, कपडे वाळत घालताना तारेला हात लागला की मुंग्या येतात. ती तार पत्र्याच्या लोखंडी खांबाला बांधलेली, अन् लाईटीची जुनी वायर त्याच खांबावरून आत गेलेली. मालकांनी — नवऱ्याला मी मालक म्हणते — वायरमन बोलावला, दोन्हीकडचं करून घे म्हणाले, अन् शेतावर गेले.

आमच्या पुढच्या घराचं काम झालं. वायरमननं विचारलं, आता मागं जाऊ? आणि मी —

"ऱ्हाऊ द्या," म्हणाले. "भाडेकरू खोल्या खाली करायलेत."

साफ खोटं. मालकांना सांगितलं, सगळं झालं. लाईटीला वैतागून ती निघून जावी, एवढंच मनात होतं. एवढंच होतं का? धोका कळत होता मला. मी माझे कपडे त्या तारेवर घालायचं कधीच सोडलं होतं.

पावसाळ्यात शोभा ओलं लुगडं वाळत घालायला गेली अन् तारेलाच चिकटली. सासूबाई ओरडायल्या, शेजारी धावले, कुणाला काही समजंना. मला समजलं. मी तिच्याकडं न्हाई, थेट मीटरकडं पळाले, मेन स्विच पाडला.

ती वाचली. उजव्या हाताची बोटं मात्र भाजून आखडली, सुई धरता येईना. मालकांनी विचारलं तेव्हा मी वायरमनवर ढकलून मोकळी झाले. गल्लीत तर माझंच कौतुक — बाईचं डोकं बघा कसं चाललं! दवाखान्यात शोभानं डाव्या हातानं माझा हात धरला.

"वहिनी, तुमी होता म्हणून मी हाय."

मी धरू दिला. मग सासूबाईंनी डबा उघडला, भाकर दुधात कुस्करली अन् आपल्या हातानं तिला घास भरवायल्या. शोभाचा हात माझ्यामुळं गेला, हे मला ठाऊक होतं. तरी तो घास बघून — तेव्हाही — मला तिचा हेवाच वाटला.