आबांना दाखवलेलं जालना

आबा म्हणजे माझे थोरले चुलते. आमची शेती कुंभार पिंपळगावला. त्या शेतीतच जन्म गेलेल्या आमच्या घरात आबा एकटेच असे, ज्यांनी तरुणपणाची दहा-बारा वर्षं जालन्यात काढली होती. मोती तलावाच्या खालच्या अंगाला एक बाग होती, तिथे ते पाण्यावर कामाला होते. पाट सोडायचा, पाट बांधायचा, वाफे भरायचे. पुढे आजोबा गेले आणि घरचा नांगर धरायला आबांना परत बोलावून घेतलं. ते आले, पण बोलण्यातलं जालना सुटलं नाही. काळ्या मशिदीसमोरच्या सराईत मोती तलावाचं पाणी जमिनीखालच्या नळांतून कसं यायचं, हे आम्हां भावंडांना पाठ झालं होतं. काकू वैतागायची. "लागलं पुन्हा जालना," म्हणायची आणि उठून आत जायची.

माझं लग्न होऊन मी जालन्यातच आले. यजमान कापसाच्या एका जिनिंगमध्ये कारकून होते. तीन वर्षं झाली तरी आबांच्या गोष्टींतलं एकही ठिकाण मी पाहिलं नव्हतं. घर, आड आणि भाजीबाजार, एवढंच माझं जालना.

तोवर आबांची नजर गेली होती. आधी एक डोळा, मग दुसरा. रझाकारांची धामधूम सुरू व्हायच्या चार-पाच वर्षं आधीची गोष्ट. संक्रांत होऊन आठवडा झाला असेल. माझा भाऊ त्यांना परतूरला आगगाडीत बसवून माझ्याकडे घेऊन आला. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ बाजारातल्या कामाला गेला आणि मी आबांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली आणि उर्दूत सांगितलं की आता इलाज राहिलेला नाही. मी आबांना कसं सांगावं या विचारात होते. पण त्यांना उर्दू माझ्याहून चांगली कळायची. ओसरीवर येऊन त्यांनी पटका नीट केला.

"गाडी कधीये?"

"संध्याकाळी, आबा."

"मंग टाइम आहे की. चल, गाव बघून घेऊ."

मला वाटलं, सवयीनं बोलून गेले. पण ते काठी टेकत पायरी उतरलेसुद्धा. "रस्ता मी सांगतो," म्हणाले. "तू फक्त काय दिसून राह्यलं ते सांगत जा, माय."

तसे आम्ही निघालो. त्यांचा हात माझ्या खांद्यावर. कुठे वळायचं ते सांगायचे, मी वळायचे. रंगाऱ्यांची गल्ली त्यांनी वासावरून ओळखली. काळ्या मशिदीपाशी आल्यावर म्हणाले, "आली बघ." मी अजून वर पाहिलंही नव्हतं. त्यांनी चपला काढल्या आणि बाहेरच्या भिंतीच्या काळ्या दगडावरून दोन्ही हात फिरवले. तिथे बसलेल्या एका म्हाताऱ्या मियांना त्यांची दया आली असावी. ते उठून आम्हाला सराईच्या चौकात घेऊन गेले. मधला हौद कोरडा होता, तळाला पाला साचला होता. मी तसंच सांगितलं. आबा हसले.

"आमच्या येळेलाच आटत आल्ता तो. नळ फुटले होते जागोजाग. मी मुकादमाला म्हणलो होतो, दुरुस्ती करा. कोण ऐकतंय!"

मग गावातली जुनी गढी. वाटेत मी त्यांना दारांचे रंग सांगितले, छपरावर वाळत घातलेल्या मिरच्या सांगितल्या, एका मारवाड्याच्या दुकानावर नवीन टांगलेली पाटी वाचून दाखवली. खरं सांगते, मला मजा येत होती. डोळस माणूस एरवी पाहत नाही, तितकं मी त्या दोन-तीन तासांत पाहिलं. गढीतल्या मोठ्या विहिरीच्या कठड्याला धरून आबांनी आत "ओ" अशी हाक मारली. विहिरीच्या पोटात दालनं आहेत. आवाज त्यांतून फिरून वर आला तसे ते लहान मुलासारखे माझ्याकडे वळले.

"ऐकलंस? बराबर तस्साच आहे."

तिथून बाहेर पडलो तेव्हा दिवस कलला होता.

त्या दिवशी चारच्या सुमाराला वकिलीणबाईंकडे हळदीकुंकू होतं. आमच्या गल्लीत त्यांच्याकडून पहिल्यांदाच मला बोलावणं आलं होतं. मी आठ दिवसांपासून लुगडं काढून ठेवलं होतं. आणि तलाव गावाच्या पार पश्चिमेला. तिथवर जाऊन यायचं, आबांना घरी आणायचं, मग आवरायचं. जमणार नव्हतं.

"आबा, तलाव उद्या बघायचा का?" मी विचारून पाहिलं.

"उद्या मी कुठं असतो? आज गाडी हाय ना. चल जल्दी, तलाव झाला की बास."

नदीवरचा पूल ओलांडला. तलावाकडे सरळ जायचं होतं. मी नदीच्या कडेनं डावीकडे वळले.

थोडं चालल्यावर आबा थांबले. "ऊन उजव्या गालावर आलं. वाट वळली का?"

"जुनी वाट बंद झालीय, आबा. नवा रस्ता असाच वळतो."

"असं का," म्हणून ते पुन्हा चालू लागले.

तिथे वीटभट्टीवाल्यांनी माती काढून काढून मोठा खड्डा पाडला होता. त्यात पावसाचं पाणी साचून राहिलेलं. कडेला दोन म्हशी बसल्या होत्या. मी म्हणाले, "आला तलाव."

आजही ते दोन शब्द मला माझ्याच आवाजात ऐकू येतात.

आबा काठी पुढे टेकवत सावकाश गेले. काठी चिखलात रुतली. "पायऱ्या कुठंयत?"

"दिसत नाहीत."

"न्हाईत? आन् पाळ?"

"पाळही नाही, आबा. बांधच खचला असेल."

ते खाली बसले. हात पुढे करत करत पाण्यापर्यंत पोचले, ओंजळ भरून नाकाशी नेली. मग सोडून दिली. वाऱ्यावर भट्टीचा धूर आला.

"हा राखेचा वास कशाचा?"

"वीटभट्ट्या आहेत इथे."

"तलावातली माती काढतेत का?"

मी "हो" म्हणाले. तेव्हा तरी खरं सांगायचं. म्हणायचं की आबा, चुकलं, हा तलाव नव्हे, चला, मी नेते. पण उन्हाकडे बघून मी मनात वेळ मोजत होते.

"आन् पल्याड बाग होती. झाडं तरी असतील."

"नाहीत. तोडली."

त्यांनी पटका काढून गुडघ्यावर ठेवला. म्हशींपैकी एक उठून पाण्यात उतरली, तो आवाज त्यांनी मान वळवून ऐकला. मग स्वतःच उठले.

"चल माय. तुला उशीर होत असंल."

हळदीकुंकवाला मी वेळेवर पोचले. नवं लुगडं सगळ्यांनी वाखाणलं. परत आले तोवर भाऊ आबांना घेऊन स्टेशनवर गेला होता.

त्या उन्हाळ्यात धाकट्या बहिणीच्या लग्नाला मी गावी गेले. मांडवात पाहुणे बसले होते. कुणीतरी आबांना सहज विचारलं, "काय म्हणतंय तुमचं जालना?" मला वाटलं, आता तासभर बोलतील. ते म्हणाले, "मोती तलाव गेला. वीटवाल्यांनी खाल्ला. मी स्वतः जाऊन आल्तो." एवढंच. मांडवातल्या कुणालाच तलावाचं फारसं काही नव्हतं. विषय दुसरीकडे गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते एकटेच लिंबाखाली बाजेवर होते. मी जाऊन शेजारी बसले. आदल्या रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता. सांगून टाकायचंच असं ठरवून आले होते.

"आबा, त्या दिवशी तलावावर..."

त्यांनी माझा हात शोधला आणि थोपटला. "त्यात तुझा काय कसूर? त्वा नेलंस म्हणून कळलं तरी. न्हाईतर मी मरेपर्यंत लोकांना खोटंच सांगत राह्यलो असतो."

मी बाजेवरचं घोंगडं सारखं करत बसले. त्यानंतर मी तीन-चार वेळा गावी गेले. आबा एकटे सापडले की दरवेळी तोंडाशी आलं आणि दरवेळी मी दुसरंच काही बोलले. बी-बियाण्याचं, म्हशीच्या दुधाचं. एकदा तर मी उठून दिवा लावायच्या निमित्तानं आतच गेले.

पुढे रझाकारांच्या भीतीनं माहेरची माणसं गाव सोडून निजामाच्या हद्दीबाहेर नगरकडे गेली. तिथे एका परक्याच्या गोठ्यात आबा वारले. ताप आला आणि तीन दिवसांत गेले. मला महिन्यानं कळलं. वाटा बंद होत्या, पत्रं पोचत नव्हती.

सगळं निवळल्यावर काकू गावी परतली. मी तिला भेटायला गेले. ती अंगणात ज्वारी पाखडत होती. मीही सूप घेऊन बसले आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. हळदीकुंकू, नदीकडे घेतलेलं वळण, म्हशी, सगळं. सांगताना माझं तोंड खाली होतं. काकूचा हात मध्येच थांबला, मग पुन्हा चालू झाला.

"तरीच," ती म्हणाली. "तिकडून आल्यापासून जालन्याचं नाव काढणं बंदच केलं त्यायनी. मला वाटलं, बरं झालं बाई, कटकट मिटली."

मी रडू लागले. तिनं मला जवळ घेतलं नाही, रागेही भरली नाही. सुपातले खडे वेचून बाजूला टाकत राहिली.

"त्यायला सांगायचं होतंस," थोड्या वेळानं ती म्हणाली. "चिडले असते. दोन दिवस बोलले नसते तुझ्याशी. मंग मला म्हणले असते, चल, पुन्हा जाऊन येऊ."