वाट आमची, शेण त्यांचं

होतचंद गेल्याचे मला कोणी कळवले नाही. कळवायला सवड मिळाली नसेल, तक्रार नाही. नेहमीप्रमाणे सकाळी आमची रंगी म्हैस पुढे आणि काठी टेकत मी मागे, असे आम्ही निर्वासितांच्या जुन्या कॅम्पातल्या कापडबाजारातून चाललो होतो. होतचंदच्या दुकानाच्या पोटातून एक बोळ आरपार जातो. त्याच्या तोंडाशी रंगी थांबली आणि मान डावीकडे वळवून उभी राहिली. तिथे रोज कोकीचा तुकडा घेऊन होतचंदचा हात पुढे येत असे. कोकी म्हणजे सिंधी घरांतली ती जाड, तुपावर खरपूस भाजलेली पोळी. त्या दिवशी हात आला नाही. शटर अर्धे खाली होते, वरच्या मजल्यावरून बायकांचे रडणे ऐकू येत होते... मी रंगीच्या पाठीवर हात ठेवला आणि पुढे जाण्याऐवजी तिच्याबरोबर तिथेच उभा राहिलो.

त्यानंतरच्या आठवड्यांत त्याच्याविषयी पुष्कळ बोलले गेले. शोकसभेत बाजारातल्या एका बड्या व्यापाऱ्याने सांगितले, की निर्वासित म्हणून आलेल्या माणसांनी ओसाड माळावर नंदनवन फुलवले, आणि होतचंदजींनी तर थोर मनाने गावाच्या गुरांना आपल्या दुकानातून वाट दिली. त्यावर आमच्या गावचे एक माजी सरपंच उठले आणि म्हणाले, वाट कोणी दिलेली नाही, गावाने ती लढून घेतली. टाळ्या दोघांनाही मिळाल्या. खोटे दोघांचेही होते. मी उठून तसे सांगू लागलो, तेव्हा माईकचा आवाज गेल्याचे निमित्त करून तो माझ्या हातातून काढून घेण्यात आला. म्हणून हे लिहिणे.

पहिली गोष्ट म्हणजे, ‘ओसाड’ हा शब्द मी खपवून घेणार नाही. तो माळ आमच्या गावाचे गायरान होते. पावसाळा सरला की गुडघ्याएवढे गवत, कडेने बाभळी, बोरी, आणि पलीकडच्या अंगाला तळे. अख्ख्या गावाच्या म्हशी दुपारभर त्यात डुंबत. लढाईच्या काळात सरकारने तिथे बराकी उभ्या केल्या आणि फाळणीनंतर त्या बराकींत सिंधमधून आलेली कुटुंबे आणून ठेवली. गावाला कोणी विचारले नाही, आणि त्या कुटुंबांनाही कोणी विचारले नव्हते. चरायला जागा उरली नाही म्हणून कितीतरी घरांनी जनावरे विकली. माझे वडील मरेपर्यंत त्याबद्दल धुसफुसत राहिले आणि त्यांचे चुकत होते असे मी म्हणणार नाही.

पण आमच्या गावची मंडळी ‘सिंध्यांनी माळ बोडका केला’ म्हणतात, तेव्हाही मी गप्प बसत नाही. माळ बोडका झाला, हे खरे. बाभळी चुलीत गेल्या, हेही खरे. मात्र कुऱ्हाडी कोणाच्या होत्या? त्या परक्या मुलखात आलेल्या शिक्षकांकडे आणि दुकानदारांकडे कुऱ्हाडी होत्या काय? बाभळी तोडून, मोळ्या बांधून बराकीबराकीला विकल्या त्या आमच्याच लोकांनी. शेवटची बाभूळ गेली तेव्हा दोन्हीकडच्या चुली एकदमच अडल्या.

आणि येथेच त्या वाटेची गोष्ट सुरू होते. लाकूड संपल्यावर उरले शेण. म्हशींचा तळ्याकडे जाण्याचा रस्ता बराकींच्या मधून होता. माणसांनी भिंती घातल्या म्हणून म्हशी आपली वाट बदलत नाहीत. त्या जात आणि मागे माझी आई पाटी घेऊन शेण गोळा करी. एके दिवशी होतचंदच्या दाराशी त्याची आई, जिला सारा कॅम्प अमां म्हणे, लोखंडी घमेले घेऊन आडवी उभी राहिली. मी आईच्या मागे होतो, होतचंद अमांच्या मागे. आम्ही दोघे शाळेत एका बाकावर बसत होतो, पण त्या दिवशी एकमेकांकडे बघायची सोय नव्हती.

“तुम्हारी भैंस हमारे दरवाज़े से जाती है,” अमां म्हणाली.

“तुझं दार आमच्या वाटंवर हाय, बाई!” आईने उत्तर दिले.

एकीला मराठी येत नव्हती आणि दुसरीला हिंदी, तरी एकही वाक्य वाया गेले नाही. पुष्कळ वेळ भांडून झाल्यावर अमांने घमेले खाली ठेवले आणि त्यावर पाय देऊन म्हणाली, “रास्ता तुम्हारा. गोबर हमारा.” आईने माळाकडे पाहिले, तिथे आता एक झाड नव्हते. अमांच्या दारातल्या विझलेल्या चुलीकडे पाहिले. “घे,” ती म्हणाली, “पर वाट अडवायची न्हाय. कवाच न्हाय.” साक्षीदार म्हणाल तर मी आणि होतचंद. त्यातला एक आता उरला आहे.

पुढे बराकी गेल्या, पत्र्याची दुकाने आली, मग त्यांच्या जागी सिमेंटचे गाळे. पार हुबळी-विजापूरकडचे व्यापारी इथे कापड न्यायला येऊ लागले. आमच्या गावची मुले हमाली करू लागली, टेम्पो चालवू लागली. बायकांनी व्यापाऱ्यांसाठी भाकरीच्या खानावळी काढल्या. रस्त्याकडेची उसाची शेते गोदामे झाली. माझे पुतणे त्या गोदामांच्या भाड्यावर बंगले बांधतात आणि संध्याकाळी त्याच बंगल्यांच्या ओट्यावर बसून सिंध्यांना शिव्या देतात. त्यांनी दोहोंपैकी एक काहीतरी सोडावे, असे मी त्यांना सुचवून पाहिले आहे. ते अलीकडे माझ्याकडे फारसे येत नाहीत.

तळ्याकडे जाणाऱ्या वाटा त्या काळात एकेक करून बुजल्या. होतचंदने पक्के दुकान बांधायला काढले, तेव्हा त्याचे भाऊ त्याच्याशी भांडले. समोरच्या बाजूची ऐन मोक्याची जागा म्हशींसाठी मोकळी सोडणारा व्यापारी त्यांनी पाहिला नव्हता. होतचंदने खालचा मजला मधोमध चिरून बोळ काढला. मी म्हणालो, “होत्या, येडा झालास काय?” त्यावर तो माझ्यापेक्षा अस्सल कोल्हापुरीत म्हणाला, “अमांनी शेण घेतलंया न्हवं? मग वाट बंद करायला मी कोण?” यात थोरपणा नव्हता आणि भीतीही नव्हती. घेतले होते म्हणून द्यायचे, एवढेच. पुढे त्यांच्या घरी गॅस आला तरी घमेले काही अडगळीत गेले नाही. सुनांनी नाक मुरडले तर तो स्वतः लेंगा खोचून शेण भरायचा आणि गच्चीवरच्या गुलाबांना घालायचा. “आता कशाला रं?” असे मी विचारले की ठरलेले उत्तर यायचे, “न उचलून कसं चालंल? करार मोडंल की, भूपाल्या.”

आमच्यात सारे गोडच होते, असे कोणी समजू नये. बाजाराबरोबर प्लॅस्टिक आले. साडीसाडीवरची पिशवी उडत जाऊन तळ्यात पडे. त्यात गावाने आपली गटारे सोडली, तेही सांगून टाकतो. एका वर्षी माझी दुभती म्हैस फुगून मेली. जनावरांच्या डॉक्टरांनी पोट उघडले, तर आत पिशव्यांचा गोळा. त्यातल्या चार पिशव्या मी तशाच नेऊन होतचंदच्या पांढऱ्या गादीवर टाकल्या. गिऱ्हाईक बसलेले होते. त्यानंतर मी त्याच्याशी बरेच महिने बोललो नाही. त्या साऱ्या काळात म्हशी बोळातून जात होत्या, शेण उचलले जात होते, आणि आम्ही दोघे एकमेकांच्या डोक्यावरून बघत होतो. मात्र त्याच्या दुकानातून पिशवीतली साडी बाहेर जाणे बंद झाले. तो प्रत्येक पिशवी काढून घ्यायचा, दाबून गठ्ठे बांधायचा आणि भंगारवाल्याला द्यायचा. बाजार हसला. शेजारच्या दुकानदाराने माझ्यादेखत त्याला टोमणा मारला, “शेटजी, आता म्हशीच साड्या नेसणार वाटतं?” मला हसू आवरले नाही. होतचंदने ते पाहिले आणि ओरडला, “हसतोस काय? उद्या दिवस असताना जेवायला ये!” आम्ही जैन, दिवस मावळल्यावर जेवत नाही, हे ध्यानात ठेवून भरल्या दुकानातून उठणारा व्यापारी मी तेवढा एकच पाहिला.

तो गेल्यानंतर बाराव्या दिवशी त्याच्या थोरल्या मुलाला, मनोहरला, रीतीप्रमाणे घराचा कर्ता म्हणून पगडी बांधली. पुढच्याच आठवड्यात बोळाच्या दोन्ही भिंतींवर मला खडूच्या खुणा दिसल्या. शटरवाला बोळ बंद करायच्या शटरचे माप घेऊन गेला होता. मी तिथेच उभा राहून मनोहरला साऱ्या बाजाराला ऐकू जाईल इतक्या आवाजात अमांचा शब्द ऐकवला. त्याने माझे सारे ऐकून घेतले.

“अण्णा, तुमचं समदं खरं हाय,” तो शांतपणे म्हणाला. “पर गावात म्हसरं उरली किती? या वाटंनं येती ती एकटी तुमची. एका म्हशीपायी अख्खा गाळा अडवून ठेवू?”

तळ्याचे निम्मे पाणी जलपर्णीखाली गेले आहे, रंगी म्हातारी झाली आहे आणि तिच्यानंतर मी म्हैस घेणार नाही, हे त्याला ठाऊक होते. मी घरी आलो.

दुसऱ्या दिवशी निघताना मी प्लॅस्टिकची बादली बरोबर घेतली. ते देणार नसतील तर आम्हीही देणार नाही, असा माझा विचार होता. बोळाच्या तोंडाशी रंगी थांबली, तिने मान डावीकडे वळवली, वाट पाहिली, मग पुढे जाऊन नेमके मधोमध शेण टाकले. मी वाकलो. गुडघा कुरकुरला. तेवढ्यात मागून पैंजण वाजले आणि होतचंदची धाकटी सून, जिने लग्नानंतर पहिल्यांदा ते शेण पाहून पदर नाकाला लावला होता, ती घमेले घेऊन धावत आली. तेच घमेले, अमांचे. कड झिजून कागदासारखी झालेली.

“अण्णा, हात लावायचा न्हाई,” ती म्हणाली. “शेण आमचं हाय.”

“अगं, काय करायलीस?” आतून मनोहर ओरडला.

“शेण भरायलोय!” ती त्याच्याहून मोठ्याने ओरडली. “दिसंना झालंय व्हय?”

ती शेण भरून गच्चीकडे गेली. मनोहर गादीवरून उठून बोळापर्यंत आला आणि माझ्या रिकाम्या बादलीकडे बघून पुन्हा आत जाऊन बसला.

खडूच्या खुणा अजून भिंतीवर आहेत. त्या कोणी पुसल्या नाहीत आणि शटरही आलेले नाही. पुढे काय होईल ते मी सांगत नाही. सांगणारे पुष्कळ आहेत आणि त्यांच्याकडे माईकही आहेत. मी एवढेच सांगतो, की बोळाच्या डाव्या कोपऱ्यात ते घमेले पालथे ठेवलेले असते, आणि रोज सकाळी रंगी पुढे निघून गेली की ते उताणे होते.