थोरलीचं ठरलं, धाकटी गायब

"माझी धाकटी यादीत न्हाई, अन् तिच्यासंगं मीबी न्हाई," युसूफ वडगावचे बसवणप्पा भर वधू-वर मेळाव्यात उभे राहून म्हणाले. "आमी मेलो का काय?"

मेळावा धारूरला, आमच्याच समाजाचा. पुण्यात नोकरी करून आल्याच्या तोऱ्यात मी मंडळाचं जुनं रजिस्टर दोन वर्षांपूर्वीच माळ्यावर टाकायला लावलं होतं. तेव्हापासून स्थळं माझ्या सॉफ्टवेअरमध्येच शोधायची; त्यातून छापलेली ही पहिलीच यादी. बसवणप्पांची मुलगी मान खाली घालून बसली होती. मागे कुजबुज सुरू झाली: नाव काढलंय म्हणजे काहीतरी असणार. अशा कुजबुजीत पोरीचं ठरता ठरता मोडतं.

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. मी कॉम्प्युटरकडे पाहिलं, जणू दोष त्याचाच.

सॉफ्टवेअर म्हणजे मुळात चार कामं. रेकॉर्ड घालायचं, शोधायचं, बदलायचं, काढायचं. त्या काळी ओआरएम नावाची सोय नवी होती. माहिती ज्या तक्त्यात राहते त्या टेबलाशी टेबलाच्या भाषेत बोलायची गरज नाही. 'मुलगी' नावाच्या वस्तूला 'सेव्ह हो' म्हटलं की टेबलात ओळ तयार. त्यात 'कॅस्केड' हा पर्याय होता: एका रेकॉर्डला जे कराल, ते जोडलेल्या रेकॉर्डांनाही होईल. एका सेव्हमध्ये अख्खं कुटुंब आत जातं, म्हणून मी तो खुशीत सगळीकडे लावला. डिलीटलाही तोच नियम लागतो, हा विचार पुण्यातच राहिला.

बसवणप्पांच्या थोरलीचं महिन्यापूर्वी ठरलं. मी तिला डिलीट केलं. ती जाताना बापाला घेऊन गेली, बाप धाकटीला.

मी माइक घेतला. चूक माझी आहे, मुलीची नाही, थोरलीचं नाव काढताना घरातली सगळीच नावं निघाली, एवढं सांगून बसवणप्पांना विचारत विचारत तिची माहिती वाचली.

"म्हंजे ह्याच्या डब्यात थोरलीचं ठरलं की अख्खं घर खपतंय," मागून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले, मुलगीही. कुजबुज तिथेच संपली. अंबाजोगाईच्या एका घरानं जेवणाआधीच बसवणप्पांना गाठलं.

संध्याकाळी मी आणखी कोण गेलंय ते तपासलं. आमच्या दादाचं लग्न ठरलं तेव्हा, अध्यक्षांना दाखवायला, पहिलं डिलीट मोठ्या हौसेनं मीच केलं होतं.

"म्हंजे बापालाच काढलास का रं?" वडील शांतपणे म्हणाले. "अन् आमी दोन वर्सं तुझ्या पत्रिकेला नावं ठिवायलोत."

तेव्हापासून मी कुणालाही डिलीट करत नाही. नावापुढे फक्त 'ठरलं' अशी खूण करतो. माझ्या नावापुढे ती यायला आणखी तीन वर्षं लागली.