लाइट न गेलेला रविवार

माझ्या मुलीने, सईने, शनिवारी नवा गेम सुरू केला आणि रविवारी जेवणाआधी संपवलासुद्धा. "संपला, आई," म्हणाली आणि फ्रिज उघडून उभी राहिली. काहीच न घेता तिने तो बंद केला. मग बाल्कनीत गेली, लगेच परत आली.

गेमच आता छोटे झालेत की ही पोरं तरबेज झालीत, मला ठरवता येईना. आमच्या लहानपणी टीव्हीला जोडायच्या गेममध्ये अर्धवट डाव राखून ठेवायची सोयच नव्हती. जेवायची हाक आली की मी आणि ताई डाव थांबवून, टीव्ही चालूच ठेवून त्यावर टॉवेल टाकायचो, बाबांना कळू नये म्हणून. एवढं करून नेमकी लाइट जायची. पुन्हा पहिल्यापासून. पहिला टप्पा आम्हाला झोपेतही खेळता आला असता. शेवटचा कधी दिसलाच नाही. आम्ही कच्च्या होतो, की गेम लांब होता, कोण जाणे.

"आता काय करू?" सईने विचारलं.

हा प्रश्न मला आणि ताईला कधी पडलाच नव्हता. मी उगाच वर पंख्याकडे पाहिलं. तो गरगर फिरतच होता.